यंत्रातून आलेली वाणी आणि आपला मंच

स्मरणिकेच्या संपादक मंडळाने आमच्याकडे 'शाळेची वक्तृत्वपरंपरा' या विषयावर लेख मागितला, तेव्हा प्रथम आम्ही कार्यालयातील काचेच्या कपाटासमोर जाऊन उभे राहिलो. ढाली आहेत, करंडक आहेत, धूळही आहे. हा लेख वाचणाऱ्या माजी विद्यार्थ्यांपैकी अनेकांनी आयुष्यातील पहिले भाषण आपल्याच मंचावर केले. १४ एप्रिल असो, धम्मचक्र प्रवर्तन दिन असो वा ६ डिसेंबर, पाय लटपटत असताना ध्वनिक्षेपकाची दांडी घट्ट धरून 'अध्यक्ष महाशय, पूज्य गुरुजन वर्ग' असे म्हणणारे ते चेहरे आम्हांस आजही आठवतात. ज्यांच्या आज्या-पणज्यांना कचेरीच्या पायरीखाली हात जोडून, मान खाली घालून उभे राहावे लागले, त्यांच्या नातवंडांनी मान वर करून बोलावे, यासाठीच तर ही शाळा निघाली. त्या परंपरेचा आम्हांस अभिमान आहे. परंतु लेख लिहावयास बसलो आणि त्या मंचावर जे कधी चढले नाहीत त्यांचीच आठवण येत राहिली. म्हणून संपादकांची क्षमा मागून आम्ही विषय थोडा बदलून घेत आहोत.

फार वर्षांपूर्वी सातवीत एक मुलगा होता. जन्मतःच मेंदूला इजा झाल्याने त्याच्या हातापायांत ताठरता होती आणि बोलणे अडखळत, लाळेत भिजून येई. ज्याला डॉक्टर सेरेब्रल पाल्सी म्हणतात तो हा प्रकार. बुद्धीने तल्लख. इतिहासाच्या तासाला त्याची वही आम्ही इतरांना दाखवीत असू. त्या वर्षी महापरिनिर्वाण दिनाच्या भाषणांसाठी त्याने आपले नाव दिले. आम्ही ते खोडले. त्याला वाईट वाटू नये म्हणून प्रतिमेला हार घालण्याचे काम त्याला दिले, आणि आपण फार सहृदयतेने वागलो असे स्वतःला समजावले. हार घालून तो खाली उतरला आणि पहिल्या रांगेत बसून इतरांची भाषणे ऐकत राहिला. पुढे त्याने कधीही नाव दिले नाही. नाव खोडणारा हात आमचाच होता, दुसऱ्या कुणाचा नव्हता, हे येथे नोंदवून ठेवणे आम्हांस आवश्यक वाटते.

आता जी मुलगी नववीत आहे तिची स्थिती बरीचशी तशीच आहे. प्रवेशाच्या दिवशी आम्ही तिच्या आईला विचारले, "बाई, मुलीला बोलता येते का?" आई शेतमजूर. तिने सरळ आमच्याकडे पाहिले आणि म्हणाली, "सर, माही पोरगी बोलते. लोकायले समजत नाही, त्याले ते काय करन?"

इतिहासात एम. ए. करताना आम्ही पुष्कळ ग्रंथ चाळले. या एका वाक्यात जेवढे होते तेवढे त्यांतल्या थोड्याच ग्रंथांत होते.

या मुलीच्या मामाने तिला जुना मोबाइल आणून दिला. त्यात अक्षरे टंकली की यंत्र ती मराठीत वाचून दाखवते. लिहिलेल्याचे बोलण्यात रूपांतर करणारी ही प्रणाली आता साध्या फोनवरही मिळते आणि मराठी आवाज एकदा उतरवून घेतला की इंटरनेटवाचूनही चालते. गेल्या वर्षी इतिहासाच्या प्रकल्पासाठी तिने महाडचा सत्याग्रह हा विषय निवडला आणि वर्गासमोर तो फोनच्या आवाजात सादर करण्याची परवानगी मागितली. सात मिनिटांचे भाषण एका बोटाने टंकावयास तिला अकरा दिवस लागले.

या अकरा दिवसांत आम्ही तिच्याजवळ बसून जे शिकलो ते सांगण्यासारखे आहे. यंत्राला मराठी येते, पण आपल्या मुलांना येते तशी येत नाही. 'चवदार तळे' हे शब्द यंत्राने 'चहा'तल्या 'च'ने उच्चारले. आपल्या लिपीत 'चहा'चा च आणि 'चव'चा च एकाच अक्षराने लिहितात. कोठे कोणता उच्चार करावयाचा हे मूल आईकडून ऐकून शिकते, लिपीतून नव्हे. मुलीने दोन दिवस विचार केला आणि 'त्सवदार' असे टंकले. यंत्र बरोबर बोलू लागले! '१९२७' या आकड्याचे यंत्राने 'एक हजार नऊशे सत्तावीस' केले. तिने तो 'एकोणीसशे सत्तावीस' असा अक्षरांत लिहिला. 'डॉ.' या संक्षेपापुढचे टिंब म्हणजे वाक्य संपले असे समजून यंत्र बाबासाहेबांच्या नावाआधीच थांबू लागले, तेव्हा तिने 'डॉक्टर' पूर्ण लिहिले. जेथे श्रोत्यांनी क्षणभर थांबावे असे तिला वाटे तेथे तिने जादा स्वल्पविराम घातले. पाली शब्दांचे तर विचारू नये. मराठीत शब्दान्तीचा अकार आपण गिळतो, पालीत तो स्पष्ट उच्चारावयाचा असतो. यंत्राला हा भेद ठाऊक नसल्याने तेथे तिला प्रत्येक शब्द कान देऊन दुरुस्त करावा लागला. शुद्धलेखनाच्या चुकांसाठी तीस वर्षे मुलांचे गुण कापणाऱ्या आमच्यासारख्या मास्तरापुढे ती जाणूनबुजून अशुद्ध लिहीत होती आणि आम्ही शेजारी बसून माना डोलावीत होतो.

ही मेहनत आम्ही मुद्दाम सविस्तर सांगितली. कारण पुढे एका आंतरशालेय वक्तृत्व स्पर्धेत तिचे नाव दिले असता परीक्षकांपैकी एकाने म्हटले की, हे भाषण मुलीचे नसून यंत्राचे आहे. नियमावलीत 'स्पर्धकाने स्वमुखाने भाषण करावे' असे छापले होते, तेव्हा त्यांना दोष तरी काय द्यावा? तिला 'विशेष कौतुक' म्हणून एक पेन मिळाले. गुण मिळाले नाहीत. परत आल्यावर आम्ही आपल्या शाळेची नियमावली काढून पाहिली. तेथेही तेच शब्द! गुणपत्रकात पन्नासपैकी दहा गुण उच्चारांना आणि दहा आवाजातील चढउतार व हावभाव यांना. म्हणजे आपल्या मंचावरही ही मुलगी तीस गुणांचीच विद्यार्थिनी. ती नियमावली तयार करणाऱ्या समितीत आम्ही स्वतः होतो.

ज्यांना यंत्राचा आवाज म्हणजे खोटा आवाज वाटतो त्यांनी स्टीफन हॉकिंग यांचे उदाहरण आठवून पाहावे. मोटर न्यूरॉन विकाराने त्यांचे बोलणे आधीच इतके अस्पष्ट झाले होते की, निकटचे थोडे लोकच ते समजू शकत. १९८५ मध्ये न्यूमोनिया झाला, श्वासनलिकेवर शस्त्रक्रिया करावी लागली आणि उरलेला आवाजही गेला. त्यानंतर काही काळ अक्षरांचा तक्ता समोर धरला जाई आणि योग्य अक्षरावर बोट येताच ते भुवई उंचावीत. मग वॉल्ट वोल्टोझ नावाच्या अमेरिकी संगणकतज्ज्ञाने त्यांना एक प्रणाली पाठविली. तिचे नाव होते 'इक्वलायझर', म्हणजे बरोबरीला आणणारी. वोल्टोझ यांनी ती मुळात आपल्या सासूबाईंसाठी तयार केली होती. त्यांनाही तसाच आजार होता. हातातील एक कळ दाबून पडद्यावरचे शब्द निवडायचे, वाक्य जुळले की ते बोलणाऱ्या यंत्राकडे पाठवायचे. प्रारंभी मिनिटाला सुमारे पंधरा शब्द. व्याख्यान मात्र ते आधी पूर्ण लिहून साठवून ठेवीत आणि सभेत एकेक वाक्य यंत्राकडे सोडीत. पुढे बोटेही थकली, तेव्हा गालाच्या स्नायूच्या हालचालीने हेच काम चालले.

तो आवाजही मूळ कोणाचा? एम. आय. टी. या अमेरिकी संस्थेतील डेनिस क्लॅट या संशोधकाने स्वतःच्या आवाजाच्या आधाराने घडवलेला. क्लॅट १९८८ मध्ये वारले. हॉकिंग त्यांच्या घडणीच्या आवाजात त्यानंतर तीस वर्षे बोलत राहिले. आवाजाची ढब अमेरिकी, हॉकिंग इंग्रज. पुढे अधिक सुबक आवाज उपलब्ध झाले तरी त्यांनी तो बदलला नाही, कारण आता तोच त्यांचा झाला होता. जानेवारी २००१ मध्ये टाटा मूलभूत संशोधन संस्थेने भरविलेल्या परिषदेसाठी ते मुंबईस आले आणि तेथे त्यांनी जाहीर व्याख्यानही दिले. हे भाषण हॉकिंग यांचे नसून यंत्राचे आहे, असे त्या दिवशी कोणी म्हटले असते तर लोकांनी त्यालाच वेड्यात काढले असते. मग केंब्रिजच्या प्राध्यापकाला जी मान्यता, ती शेतमजुराच्या मुलीला का नाही, एवढाच आमचा प्रश्न आहे.

आता आपल्यापैकीच काहींचे आक्षेप. पालक सभेत हा विषय आम्ही काढला तेव्हा ते ऐकले आहेत, आणि ते सगळेच वाईट हेतूचे नव्हते.

एक म्हणाले, आजकाल कृत्रिम बुद्धिमत्ता भाषणही लिहून देते, मग ते मुलीचेच कशावरून? प्रश्न रास्त आहे, पण तो सगळ्यांनाच लागू आहे. आपल्या कपाटातील ढालींपैकी कितीतरी ढाली आमच्या हस्ताक्षरातील भाषणे पाठ करून जिंकलेल्या आहेत. हे लिहिताना आम्हांस थोडी लाज वाटते, पण तेव्हा 'ही भाषणे सरांची आहेत' असा आक्षेप कोणी घेतला नव्हता. आवाज मुलाचा होता एवढे पुरेसे ठरले. येथे शब्द मुलीचे आहेत आणि आवाज उसना आहे. आम्हांस विचाराल तर दुसरा प्रकार अधिक प्रामाणिक. भाषणानंतर दोन प्रश्न विचारावेत, तिने तेथेच उत्तर टंकावे, शंका आपोआप मिटेल. मात्र ती टंकत असताना दोन मिनिटे सभागृहाने गप्प बसावयास शिकले पाहिजे. आपल्याला तेच जड जाते.

दुसरे म्हणाले, यंत्राची सवय लागली तर मुलगी स्वतः बोलण्याचा प्रयत्न सोडील. त्यांनी डेमॉस्थेनीसचे उदाहरण दिले. हा ग्रीक वक्ता तोंडात खडे धरून बोलण्याचा सराव करी आणि त्यामुळे त्याचे तोतरेपण गेले, अशी कथा आहे. आम्हीही ती वर्गात अनेकदा सांगितली आहे. पण जिभेच्या स्नायूंवर मेंदूचा ताबाच पुरेसा नाही तिला खड्यांची गोष्ट सांगणे म्हणजे लंगड्याला धावपटूची गोष्ट सांगण्यासारखे आहे. शिवाय मुलीने स्वतःचे बोलणे सोडलेले नाही. मैत्रिणींशी ती तोंडानेच बोलते, भांडते, त्यांना सगळे कळते. वाचा-उपचारही चालू आहेत. मंचासाठी यंत्र, खोलीत जीभ. कोठे काय वापरावे हे ती ठरवते, आणि ते तिनेच ठरवावे.

यंत्राबद्दलची खरी तक्रार आम्ही तिच्या आईकडून ऐकली. पहिल्यांदा फोनमधून मुलीचे भाषण ऐकले तेव्हा ती खळखळून हसली. "हे तं टीव्हीवरली बाई बोलून रायली!" तिचे म्हणणे खरे आहे. यंत्रातील मराठी शहरी वळणाची, घासूनपुसून काढलेली आहे. वऱ्हाडी लहेजाला त्यात जागा नाही. प्रमाणभाषेच्या नावाखाली ज्यांची बोली हसण्यावारी नेली गेली, त्यांच्या लेकीला बोलण्यासाठी पुन्हा तीच भाषा उसनी घ्यावी लागावी, हे आम्हांस खुपते. संगणक शिकलेले आपले माजी विद्यार्थी पुण्या-बंगळुरूला मोठ्या पदांवर आहेत. आपल्या बोलीचा आवाज यंत्रात कसा जाईल, हे त्यांनी मनावर घ्यावे.

उच्चारांवरून माणसाला तोलण्याचा इतिहास जुना आहे. विनयपिटकाच्या चुल्लवग्गात यमेळ आणि तेकुल या दोन भावांची कथा येते. दोघे ब्राह्मण कुळातून आलेले भिक्षू, वाणी गोड, उच्चार शुद्ध. त्यांनी तथागतांकडे तक्रार केली की, नाना गोत्रांतून, नाना जातींतून आलेले भिक्षू आपापल्या बोलीत बोलून बुद्धवचन बिघडवितात, तेव्हा ते छंदोबद्ध करावे. तथागतांनी त्यांना फटकारले आणि बुद्धवचन आपापल्या भाषेत शिकण्याची अनुज्ञा दिली. संघात कोणाचा उच्चार शुद्ध यावरून कोणाचे वचन खरे हे ठरणार नव्हते.

मात्र इतिहासाच्या शिक्षकाने सोयीचे तेवढेच सांगू नये. त्याच विनयात, महावग्गात, ज्यांना प्रव्रज्या देऊ नये अशांच्या यादीत आंधळे, बहिरे यांच्याबरोबर मुकेही आहेत. ते नियम भिक्षुसंघाच्या प्रवेशापुरते होते, उपासकाच्या धम्माचरणाला ते लागू नव्हते. तरीही ते वाचून आम्ही अस्वस्थ झालो आणि अस्वस्थ राहणेच योग्य मानतो. दुसऱ्या बाजूस मनुस्मृतीच्या नवव्या अध्यायात मुक्याला वडिलार्जित मालमत्तेतील वाटाच नाकारला आहे. २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला जे पुस्तक जाळले गेले त्यात हाही श्लोक होता. शूद्र आणि स्त्री यांच्याविषयीचे श्लोक आपण भाषणांतून नेहमी सांगतो. हा मात्र आमच्याही ओठांवर कधी आला नव्हता. मुलीच्या प्रकल्पासाठी संदर्भ चाळताना तो आम्हांस पहिल्यांदा नीट दिसला. १९२८ च्या कायद्याने अशी अपात्रता बहुतांशी दूर झाली आणि १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने रोग वा व्यंग हे कारणच बाद ठरविले.

३१ जानेवारी १९२० रोजी बाबासाहेबांनी 'मूकनायक' काढला. त्या नावातील मूक म्हणजे कोण? आपले पूर्वज मुके नव्हते. ते गात होते, रडत होते, अर्ज-विनंत्या करीत होते. ऐकणाऱ्यांनी कान बंद केले होते. शंभराहून अधिक वर्षे हे आपण जगाला सांगत आलो. आणि आज आपल्याच वसतिगृहातील एक मुलगी तेच आपल्याला सांगत आहे, तर आपण नियमावली पुढे करतो.

कायद्याने तर हे केव्हाच मान्य केले आहे. १९९५ च्या अपंग व्यक्ती कायद्यात सातच प्रकार होते आणि वाचादोषाला त्यात स्वतंत्र स्थान नव्हते. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात एकवीस प्रकार आले, त्यांत वाचा व भाषा दिव्यांगत्व आहे. त्याच्या १७ व्या कलमात स्वतःच्या बोलण्याला पूरक अशा पर्यायी संवादसाधनांच्या वापरास शिक्षणात चालना द्यावी, असे सांगितले आहे. तेव्हा आम्ही कोणतीही मेहेरबानी मागत नाही.

नियमावलीतील 'स्वमुखाने' हा शब्द काढून 'स्वतःच्या शब्दांत' असे घालावे. उच्चार आणि चढउताराचे वीस गुण, जो विद्यार्थी यंत्राने बोलतो त्याच्यासाठी मांडणी आणि प्रश्नोत्तरांकडे वळवावेत. तोंडी परीक्षेत त्याला टंकण्यास जादा वेळ द्यावा. ही झाली कागदावरची कामे, एका बैठकीत होतील.

कठीण आहे ते मोबाइलचे. वसतिगृहात मोबाइलला बंदी आहे आणि ती असावी, या मताचे आम्ही आहोत. मुलांच्या अभ्यासाचे, झोपेचे त्यामुळे भले झाले आहे. मुलीला खास बाब म्हणून तो वापरावयास दिला जातो, आणि रात्री आठला अधीक्षिका तो इतरांच्या चीजवस्तूंसह कपाटात ठेवून कुलूप लावतात. नियमाप्रमाणे त्यांचे बरोबरच आहे. गेल्या श्रावणात एका रात्री मुलीच्या पोटात दुखू लागले. काय होते, कोठे होते, हे ती नव्या रात्रपाळीच्या बाईंना सांगू शकली नाही. मैत्रीण दुसऱ्या खोलीत झोपलेली. पहाटे दवाखान्यात नेले, सुदैवाने प्रकार किरकोळ निघाला. दुसऱ्या दिवशी अधीक्षिका स्वतः आमच्याकडे आल्या आणि म्हणाल्या, "सर, रात्रभर मी तिचा आवाज कपाटात कोंडून ठेवला होता."

सिमकार्ड काढलेला, केवळ वाचून दाखविणाऱ्या प्रणालीपुरता मोबाइल किंवा टॅब तिच्याजवळ रात्रंदिवस असावा, असा अर्ज आम्ही व्यवस्थापन समितीकडे दिला आहे. समितीतील काही सदस्यांना भीती वाटते की एकाला दिले तर उद्या सगळे मागतील. चष्मा एकाला लागला म्हणून सगळी मुले चष्मा मागत नाहीत, असे आम्ही त्यांना सांगितले. अर्जावर निर्णय अद्याप झालेला नाही. या स्मरणिकेच्या प्रकाशन समारंभास समितीचे सर्व सदस्य आणि शेकडो माजी विद्यार्थी उपस्थित राहतील, म्हणून हा विषय आम्ही येथे मांडला.

त्या दिवशीच्या कार्यक्रमपत्रिकेत विद्यार्थी मनोगतात पाचवे नाव तिचे आहे. काय बोलणार हे ती आम्हांस दाखवावयास तयार नाही. "सर, तुम्ही दुरुस्त कराल," एवढेच तिने फोनमधून सांगितले. ध्वनिक्षेपकवाल्याला आम्ही मोबाइल जोडण्याची तार आठवणीने आणावयास सांगितले आहे. मागच्या वेळी ती नसल्याने दुसऱ्या मुलीला पूर्ण सात मिनिटे माइक फोनला लावून उभे राहावे लागले होते.